शेवटचा ठिपका

८ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार पोचला असं समज आणि पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच पत्र बाजूला टाकू नकोस. भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. कामाचं लिहितेय.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या स्टुडिओत परत पाऊल टाकणार नाही, असं मी चार वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांसमोर बोलून बसलेय, आणि मी शब्दाची किती पक्की आहे ते तुला ठाऊक आहे. मग राहता राहिलं पोस्ट. दोन गल्ल्यांपलीकडच्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवणारी बाई आपल्या पोस्टमननं पहिल्यांदाच पाहिली. म्हणाला, "ताई, जाता जाता तोंडीच सांगू का?" म्हटलं, नको बाबा, आमच्या घरात तोंडी गेलं की त्याचं भांडण होतं.

तर काम असं आहे. आम्ही दोघं सहलीला निघालोय. हसू नकोस. हे निवृत्त झाले. जन्मभर बस चालवून दुसऱ्यांना सहलीला नेलं, स्वतः कधी समोरच्या रस्त्याशिवाय काही बघितलं नाही. आता म्हणतात, मला खिडकीपाशी बसायचंय. डिसेंबरात जाणार. नदीकाठचं गाव आहे, हवा छान असते म्हणे.

सहलीला जायचं म्हणजे कॅमेरा आला. मोबाइलवर काढ असलं काही सुचवू नकोस. माझा भाऊ फोटोग्राफर आहे, मला लाज वाटते. छोटा हवा, पर्समध्ये मावेल असा. आणि त्याला झूम हवा. चांगला लांबचा झूम. कुठला घेऊ, तेवढंच सांग.

मला विचारशील तर मला फोटो दुरुस्त करता येतात, काढता येत नाहीत. तूच तसं वळण लावलंस. शाळेतून आले की तुझ्या टेबलापाशी उभी राहायचे. प्रिंटवर धुळीमुळे जे पांढरे ठिपके उमटायचे ते तू बारीक ब्रशानं रंग लावून भरत बसायचास, आणि एक मुद्दाम तसाच ठेवायचास. म्हणायचास, "शेवटचा ठिपका तुझा." मी जीभ बाहेर काढून तो भरायचे आणि मला वाटायचं, अख्खा फोटो मीच पुरा केला. पुढे सगळेच ठिपके माझ्या गळ्यात पडले ती गोष्ट वेगळी. नाव मात्र तेच चिकटलं.

उत्तर पाठव. नुसतं कॅमेऱ्याचं पाठवलंस तरी चालेल.

तुझी ठिपकी

ता. क. काल बाजारातून येताना तुझ्या शोकेससमोरून आले. रस्ता सगळ्यांचा आहे, त्यानं शब्द मोडत नाही. उजवीकडचा खालचा कोपरा अजून रिकामाच दिसला. काच मात्र लख्ख पुसलेली होती.


१६ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. काय पण कार्ड! "वस्तू किती लांब? उजेड किती? हलते की स्थिर?" बस्स. तीन प्रश्न आणि खाली सही. 'कशी आहेस' लिहायला शाई संपली होती का रे? पोस्टमननंसुद्धा वाचलं असणार, कारण कार्ड देताना तो जरा कीव आल्यासारखा बघत होता.

पण मला बरं वाटलं. तू विचारायला लागलास म्हणजे तुझं डोकं त्यात शिरलं, आणि एकदा शिरलं की ते बाहेर पडत नाही. तर घे उत्तरं.

किती लांब? बरंच लांब. आपण नदीच्या ह्या काठावर उभं राहायचं, वस्तू पात्राच्या मध्यावर. शिवाय वर. मान दुखेल एवढी वर.

उजेड? दिवसाचा. पाण्यावरून डोळ्यांवर येणारा.

हलते की स्थिर? कसं सांगू. बसलेली असते. हात तेवढे हलतात.

म्हणजे पंख. पक्षी आहे रे एक. सकाळी वर जातो, दिवसभर बसतो आणि संध्याकाळी खाली येतो. ह्यांना पक्ष्यांचा नाद लागलाय अलीकडे.

तर अशा पक्ष्याचं तोंड नीट दिसेल असा कॅमेरा हवा. नुसता आकार नको, तोंड हवं. तूच सांगायचास ना, लोक पैसे तोंडाचे देतात, बाकी सगळी पार्श्वभूमी.

तुझी ठिपकी


२७ नोव्हेंबर

दादा,

"कुठला पक्षी दिवसभर एका जागी बसतो आणि संध्याकाळी खाली येतो?" असं विचारतोस. आहे एक. दुर्मीळ आहे. पुढचं बोल.

"दुकानात जाऊन हातात धरून बघ" म्हणालास, म्हणून गेले. ह्यांना बरोबर नेलं ही पहिली चूक. दारात शिरल्या शिरल्या त्यांनी एका लालभडक कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. म्हणे, हरवला तर पटकन सापडेल. बसच्या रंगाचा होता, दुसरं काय.

विक्रेता तरुण होता, गळ्यात पट्टा, तोंडात साखर. त्या लाल कॅमेऱ्यावर झूमचा भला मोठा आकडा छापला होता. "मावशी, ह्यात चंद्रावरचे खड्डे दिसतात." म्हटलं, मला खड्डे नकोत, तूच तिकडे कोपऱ्यात जाऊन उभा राहा. त्याला पार जिन्यापाशी पाठवला. मग माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "हनुवटी खाली. खांदे सरळ. हसू नका." बिचारा एकदम ताठ झाला. फोटो निघाला तो असा, की त्यावर शिक्का मारला तर परदेशी जाऊ शकेल. हे हसून हसून काउंटरवर आडवे झाले.

पण मी फोटो मोठा करून बघितला, दादा, आणि माझं डोकं फिरलं. चेहऱ्याचे नुसते चौकोन. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो काही कळेना. मी विचारलं, हे असं का? तो म्हणाला, "डिजिटल झूममध्ये थोडं होतं तसं." थोडं? अशी प्रिंट मी तुझ्या टेबलावर ठेवली असती तर तू ती माझ्या पदरात परत टाकली असतीस.

मग त्यानं मागच्या कपाटातून एक काळा काढला. जुना माल आहे, म्हणाला, कोणी मागत नाही. आकडा लहान. पण बटण दाबलं की लेन्स खरोखर नळीसारखी पुढे सरकते. आणि मागे पडद्याच्या वर डोळा लावायला एक छोटी खिडकी आहे. त्यानं तिचं इंग्रजी नाव सांगितलं, मला खिडकीच बरी वाटते. जिन्यापाशी परत त्यालाच उभा केला. ह्या वेळी त्याच्या मिशीतला एकुलता एक पांढरा केससुद्धा दिसला. मी त्याला तो दाखवला, तेव्हापासून त्याची साखर जरा कमी झाली.

आता तू सांग. लाल की काळा? मला कळलंय, पण तुझ्या तोंडून हवंय.

तुझी ठिपकी


५ डिसेंबर

दादा,

"लाल म्हणजे धूळफेक. जो फोटो आहे तोच कापून मोठा करतो, नवं काही बघत नाही. काळा घे. उन्हात पडद्यावर काही दिसणार नाही, खिडकीला डोळा लाव, कपाळाचा आधार मिळाला की हात हलत नाही. पक्षी कोण ते कळलं. मला त्यात ओढू नकोस."

तुझ्या चार वर्षांतलं हे सगळ्यात लांब भाषण. मी ते आरशात खोचून ठेवलंय.

कळलंच आहे तर आता सरळ बोलते, मलाही पक्षी पक्षी करून कंटाळा आलाय.

तुझी भाची नदीवरच्या पुलाच्या कामावर टॉवर क्रेन चालवते. आपली बुटकी. शाळेत रांगेत सगळ्यात पुढे उभी राहणारी, तुझा मोठा कॅमेरा बघायला स्टुलावर चढणारी बुटकी. ती आता त्या गावात सगळ्यात उंच जागी बसते. पुलाची कमान दोन्ही काठांकडून आली आहे आणि मधला शेवटचा तुकडा बसवायचा राहिलाय. तो तुकडा उचलायला त्यांच्याकडे तीन चालक होते. साहेबांनी तिला निवडलं. ऐकतोयस ना? तिला निवडलं! मी ही बातमी दूधवाल्याला सांगितली, शेजारणीला सांगितली, चुकून लागलेल्या एका फोनवरच्या माणसालासुद्धा सांगितली. फक्त एका माणसाला सांगायची राहिली होती, म्हणून हा कॅमेऱ्याचा घाट घातला. सहल खरी आहे, कॅमेराही खरा हवाय, कारण कामाच्या जागी बाहेरच्यांना सोडत नाहीत, लांबूनच बघायला लागतं. पण दुकानदारालाच विचारायचं असतं तर मला पत्र लिहायची काय गरज होती?

तुला राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. स्टुडिओ तू तिच्यासाठी राखला होतास. समोरची इमारत उभी राहत होती तेव्हा ती गिऱ्हाईक स्टुलावर बसवून खिडकीतून क्रेन बघत बसायची, तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं. तिनं सांगितलं त्या दिवशी तू म्हणालास, "पडलीस तर माझ्या दारात रडत येऊ नकोस." मी म्हणाले, "तुझ्या काळ्या खोलीत तिला कोंडून ठेवायचंय का?" दोघांनीही घाव वर्मी घातला. मी माझं वाक्य मागे घेत नाही, तूही घेऊ नकोस. फिट्टंफाट.

पण दादा, शोकेसमधला तिचा फोटो तू काढून टाकलास, ते मला सहन झालं नाही. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला त्या कोपऱ्यात नवा फोटो लागायचा. पाळण्यातली, दात पडलेली, दोन वेण्यांतली. सगळा रस्ता तिला ओळखायचा. बाहेरगावी गेली, मोठी झाली, पण सुट्टीला आली की अजून तुझ्या दुकानासमोरून न जाता मागच्या गल्लीनं येते. मला तिला परत त्या कोपऱ्यात बघायचंय. तू तुझ्या हातानं लावलेली. मला दुसरं काही नको.

एक गोष्ट मी बघून ठेवलीय. नवरा-नवरींचे, तान्ह्या पोरांचे एवढे फोटो दाटीवाटीनं लावलेस, पण त्या कोपऱ्यात दुसरं कोणी आणलं नाहीस.

बसचं तिसरं तिकीट काढलंय. आमच्या मागची खिडकी आहे. आमच्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझी ठिपकी


१३ डिसेंबर

दादा,

उद्या पहाटे निघायचं. काळा कॅमेरा घेतला. ह्यांनी त्याला लाल दोरी लावलीय, तेवढं त्यांचं मन राखलं.

गच्चीवरून सराव चालू आहे. लांबच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसतो, त्याचे रोज फोटो काढते. झूम पूर्ण पुढे नेला की माझ्या हाताचं थरथरणंही तेवढंच मोठं होतं. कावळे सगळे दोन दोन दिसतात. खिडकीला डोळा लावला, कपाळ टेकवलं, कोपर पोटाशी धरलं, तरी तेच. म्हातारी झाले की काय म्हणून रडू आलं मला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात पोस्टमन तुझं कार्ड घेऊन आला. सहलीबद्दल नाही, तिकिटाबद्दल नाही, बुटकीबद्दल एक अक्षर नाही. एकच ओळ. "श्वास पूर्ण सोड, रिकामी झालीस की दाब."

विसरलेच होते मी. स्टुडिओत बटण दाबण्याआधी तू असाच थांबायचास. गिऱ्हाइकाला वाटायचं, फोटोग्राफर झोपला. वर जाऊन तसं केलं. कावळा एकच आला, आणि चोचीत काय धरलंय तेही दिसलं.

तिकीट माझ्या पर्समध्ये आहे. बस सुटेपर्यंत मी दारात उभी राहीन.

तुझी ठिपकी


१९ डिसेंबर

दादा,

आला नाहीस. ठीक आहे. तुझ्या खिडकीत माझी पिशवी बसून आली, तिनं छान देखावा बघितला.

आता बस आणि ऐक. लॉजच्या खोलीत बसून लिहितेय, टेबल डुगडुगतंय, अक्षर वाकडं आलं तर टेबलाला बोल लाव.

काल तुकडा बसला.

सकाळपासून आम्ही काठावर होतो. आमच्यासारखी बरीच माणसं जमली होती. ह्यांना उंचाची भीती, दुसरा उंचावर असला तरी ह्यांनाच चक्कर येते, म्हणून हे पाण्याकडे बघत उभे होते आणि मला विचारत होते, "काय झालं? आता काय झालं?" बुटकी शिडीनं चढली. डबा कमरेला, बाटली पाठीला. क्रेनच्या मानेपाशी काचेची खोली असते, तिथे ती शिरली आणि ठिपक्याएवढी झाली.

मी कॅमेरा काढला आणि घाईत बोट पडलं. झूम न करताच एक फोटो निघाला. नदी, दोन्ही काठ, पक्ष्यांचा थवा, सगळा पसारा आला असणार त्यात. तो काढून टाक, वाया गेला. मग खिडकीला डोळा लावला, नळी पुढे सरकली आणि दादा, माझी मुलगी समोर आली. पिवळं हेल्मेट. खालचा ओठ दातांत धरलेला, तुझ्यासारखा. हनुवटी खाली, खांदे सरळ. मी न सांगता! मी मोठ्यानं ओरडले, "हसू नको गं!" आसपासच्या लोकांना वाटलं हिचं डोकं फिरलं. मी त्यांना सांगितलं, ती माझी मुलगी आहे, वर बसलीय ती. मग ते सगळे माझ्याकडेच बघायला लागले आणि मी पदर सरळ केला.

तो लोखंडी तुकडा म्हणजे केवढा, आपला स्टुडिओ त्याच्यावर उभा राहील. वाऱ्यात लटकत होता. कमानीच्या दोन टोकांवर माणसं हात वर करून उभी होती. मधे फट राहिली होती ती बोटभर. आणि बुटकी थांबली. काहीच करेना. लोक कुजबुजायला लागले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, गप्प बसा, श्वास सोडतेय.

मला कसं कळलं विचार. मी डोळ्याला लावूनच बघत होते ना! तिचे खांदे खाली आले, आणि मगच हात हलला. तुकडा असा बसला, जसं डब्यावर डब्याचं झाकण बसतं. मी पण तेव्हाच बटण दाबलं. आम्ही दोघी एकदम रिकाम्या झालो होतो.

संध्याकाळी ती खाली आली तेव्हा खुणा करणारा मुकादम तिच्याबरोबर होता. वयस्कर माणूस, आवाज बसलेला. म्हणाला, "बाई, हिच्या हातात माल झुलत नाही. बाकीचे घाई करतात, ही थांबते. मी विचारलं कुठं शिकलीस? म्हणाली, मामाच्या स्टुडिओत." मी त्याला परत म्हणायला लावलं. त्यानं परत म्हटलं. मग मी ह्यांना ऐकायला बोलावलं आणि तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

ऐकलंस? मामाच्या स्टुडिओत. तू म्हणत होतास, तुझी विद्या तिनं पायदळी तुडवली. अरे, ती डोक्यावर घेऊन शिडी चढतेय. मला तिचा अभिमान आहे, एवढा की छातीत मावत नाही. आणि तुझाही आहे. हे लिहायचं नव्हतं, पण टेबल डुगडुगलं.

तिनं एकच विचारलं, "मामा नाही आला?" मी म्हटलं, त्यानं डोळे पाठवलेत माझ्या कॅमेऱ्यातून.

म्हणून आता कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्डच काढून ह्या पत्रात घालतेय. इथला एकही फोटो मी मागे जाऊन बघितलेला नाही. हे कालपासून मागतायत, मी दिला नाही. आपल्या स्टुडिओची रीत आहे, कच्चा फोटो आधी मालकानं बघायचा. तू बघ. मग काय करायचं ते तू ठरव.

तुझी ठिपकी


४ जानेवारी, सकाळ

दादा,

हे पत्र पोस्टमन उभा आहे तोवर दारातच लिहितेय.

आज शोकेससमोरून आले. लांबूनच दिसला. दोन नवऱ्या आणि एक जावळवालं बाळ हलवून, कोपऱ्यापासून पार मध्यापर्यंत एवढा मोठा फोटो. काळापांढरा. मी वाया गेला म्हटलेला तोच. नदी, कमान, क्रेन, आभाळ. माझे पाय रस्त्यातच थांबले, मागून सायकलवाला घंटी वाजवत राहिला. मला वाटलं, जिंकले मी. लावलं रे बाबा ह्यानं पोरीला.

मग काचेला नाक लावलं. क्रेनच्या मानेपाशी काचेची खोली आहे. तीत काळा ठिपका असायला हवा. नाही. तिथे पांढरं भोक आहे! पात्यानं खरवडलंस. तुझं काम मी ओळखते, कडा किती साफ आहे. वर थव्यातले सगळे पक्षी जागच्या जागी, एकालासुद्धा हात लावला नाहीस, आणि तेवढी माझी पोर पुसून टाकलीस?

चांगले चेहऱ्याचे एवढे फोटो दिले होते. एक नाही लावलास. रिकामी क्रेन लावलीस, सगळ्या रस्त्याला दाखवायला की ती तिथे नाही. दादा, तू रागीट आहेस हे मला माहीत होतं. दुष्ट आहेस हे माहीत नव्हतं.

ह्यापुढे मी लिहिणार नाही.


४ जानेवारी, दुपार

दादा,

लिहितेय. हसू नकोस.

घरी येऊन मी भांडी आपटत होते. हे म्हणाले, "पण तुझा भाऊ असा अर्धवट फोटो शोकेसमध्ये लावेल का गं?" म्हटलं, कसला अर्धवट? "मग ते पांढरं भोक तसंच ठेवलं म्हणतेस ना. इतक्या वर्षांत त्यानं धुळीचा एक कण तरी बाहेर जाऊ दिला का?"

माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

बस चालवणाऱ्याला कळलं आणि मला कळलं नाही. तुला तिला खरंच पुसायची असती तर तू तिथे मागचं आभाळ भरलं असतंस, कोणाच्या बापाला पत्ता लागला नसता. तू नुसतं पांढरं ठेवलंस. अख्ख्या फोटोत तेवढंच एक. मी मघाशी काचेला नाक लावून सगळं बघितलं, पाणी साफ, आभाळ साफ, बाकी एक कण नाही. सगळे ठिपके भरलेस आणि एक ठेवलास.

मूर्ख माणसा, कार्डावर लिहायचं ना! एक ओळ! तीन प्रश्न विचारायला तुला शाई मिळते. मी सकाळी तुला काय काय बोलले, ते पत्र पोस्टमनच्या थैलीत आहे. त्याला गाठायला ह्यांना पाठवलंय. गाठलं नाही तर वाच आणि सोडून दे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. हातात घेऊन येतेय. पण स्टुडिओत पाऊल टाकणार नाही म्हणजे नाही, मी शब्दाची पक्की आहे. टेबल ओढून दारात आण. फोटो त्याच्यावर काढून ठेव, मी बाहेर पायरीवर उभी राहून भरीन. लोक बघतील तर बघू देत, चांगलं आहे.

ब्रश तोच बारीक काढ, माझा. टोक बसलं असेल तर ओठांत धरून ओलं कर. काळा रंग पातळ भिजव. तिचं हेल्मेट पिवळं आहे, पण ते मी लोकांना तोंडानं सांगेन.

आणि मी सगळं भोक भरणार नाही, आत्ताच सांगते. खांदे भरीन, हात भरीन. डोक्याएवढी जागा तशीच सोडीन. बुटकीला फोन केलाय. रविवारी येतेय, पुढच्या गल्लीनं. शेवटचा ठिपका तिचा. तिचं स्टूल माळ्यावर असेल, ते तू फेकलेलं नाहीस हे मला माहीत आहे. खाली काढून पुसून ठेव.

ठिपकी